दोन किलोच्या आतला ड्रोन आणि लग्नाची ऑर्डर

‘दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला लायसन्स लागत नाही, लग्नाचं शूटिंग बिनधास्त करा’ हा मेसेज अर्धवट आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेटची (म्हणजे ड्रोन उडवण्याच्या लायसन्सची) सूट आहे, पण ती व्यावसायिक नसलेल्या वापरापुरतीच. ऑर्डरचे पैसे घेतले की सूट संपली! सोयीची तेवढी ओळ उचलून फॉरवर्ड झाली, दुसरं काय?

शिवाय ड्रोनची नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा हवाच. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही तिथेही, ४०० फूट उंचीपर्यंतच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. त्याहून जवळ किंवा उंच जायचं, तर आधी परवानगी लागते. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत.