स्लॅबवर चढलेले पत्रे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘चिरे, कौलं, चुना हे बाहेरून येऊन व्हिला बांधणाऱ्यांचे चोचले. सामान्य गोंयकाराला स्लॅबच परवडतो. आणि चिऱ्यांसाठी डोंगर कापतात त्याचं काय?’ असं तुम्ही विचारलंय. वडिलांचं, हिस्सेदारांच्या सामाईक मालकीचं जुनं घर पाडायला काढल्याचंही लिहिलंय. तुमचा राग रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगरांचं दुःख मलाही आहे. चिरे ज्यातून निघतात तो जांभ्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना पुरवतो. तो कापला की उरतात पाण्याने भरलेले खोल खड्डे. नव्या खाणीतले चिरे आणून, वर्षातून चार आठवडे राहण्यासाठी बांधलेल्या व्हिलावर कितीही सोलर पॅनल बसवा, तिला मी पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

पण मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत सोडवता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हार्दोळजवळ एक घर उतरवताना पाहिलं. गवंडी प्रत्येक चिऱ्यावर हातोडीने हलकेच ठोकून बघत होता. खणखणीत वाजला तर एका ढिगात, बद्द वाजला तर दुसऱ्या. पहिल्या ढिगातले चिरे नव्या भिंतीत गेले, डोंगराला हात न लावता. सिमेंटात बसवलेला चिरा असा सुटत नाही, फुटतो.

सिमेंटचं दुखणं नुसत्या भट्टीच्या इंधनाचं नाही. चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. भाजताना चुन्यातूनही तो सुटतो, पण चुन्याचा गिलावा वाळून घट्ट होताना हवेतला बराचसा कार्बन परत ओढून घेतो.

आता परवडण्याचं. तुमच्याच वाड्यावर एक फेरी मारा. सपाट स्लॅबच्या किती घरांवर लोखंडी अँगल उभारून पत्रे चढलेत? आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. स्लॅब गळतो, उन्हाळ्यात तापतो, मग वर दुसरं छप्पर येतं. एका घराला दोन छपरांचा खर्च! स्वस्त म्हणताना हा हिशेब कुणी धरत नाही.

कौलं चाळायला माणसं मिळत नाहीत, माकडं नासधूस करतात, हे खरंच आहे. स्लॅब हवाच असेल तर उतरता घाला, आणि सळ्यांच्या मधल्या चौकटींत जुनी मंगळुरी कौलं भरा. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळ्या घेतात, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत कमी खर्चाच्या घरांसाठी रुळवली. ते चोचले नव्हते.

अंगण पेव्हर्सनी मढवू नका, पाणी विहिरीकडे मुरू द्या. खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, भराव घालून घर तर कुणीच बांधू नये.

घर पाडण्याआधी मात्र एका जाणत्या सुताराला वर चढवा. वासे बहुधा वळचणीच्या टोकालाच कुजतात, आणि तेवढा तुकडा कापून नवा जोडता येतो. भिंतींवर सिमेंटचा गिलावा असेल तर तोही काढून बघा. ओल बऱ्याचदा त्याच्यामागेच कोंडलेली असते. हिस्सेदारांचा प्रश्न मी सोडवू शकत नाही, पण दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडून दाखवलात तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.