आधी पर्वती की आधी मिसळ?

रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन निघायचं, गाडी न काढता. पुण्यातली पर्वती, सारसबाग, मंडई एवढं सगळ्यांना मान्य. कट्ट्यावर जुंपली ती आधी काय, नंतर काय यावर.

शिऱ्या : आधी मिसळ. उपाशी पोरं पायऱ्या चढत नाहीत, भोकाड पसरतात.

अण्णा : तर्री पोटात घालून १०३ पायऱ्या? निम्म्यातच छातीत जळजळायला लागेल. पोरांना निघताना दूध-केळं दे, मोठ्यांना चहा पुरतो. साडेसहाला पायथ्याशी, मिसळ उतरल्यावर.

शिऱ्या : म्हणजे साडेनवाला पोचणार आणि वहीत नाव लिहून फुटपाथवर ताटकळणार.

यावर अण्णा गप्प झाले, हे कट्ट्यावर क्वचित घडतं. तोडगा सुजाताने काढला.

सुजाता : साडेआठच्या आत पोचायचं. सहा जण असाल तर एकत्रच बसायचा हट्ट नको, चार आणि दोन सांगा. दोन टेबलं शेजारी-शेजारी एकदम रिकामी होईपर्यंत मागचे चार जण खाऊन बाहेर पडतात. पोरांच्या मिसळीची तर्री वेगळ्या वाटीत मागवा. एकदा ओतली की वर कितीही दही घाला, तिखट लागायचं ते लागतंच.

मिलिंद : हे झालं पोरांचं. आईच्या गुडघ्यांचं काय? पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, चढेल ती सावकाश.

सुजाता : चढेल रे. चढताना दम लागतो, पण गुडघा बोलतो तो उतरताना. प्रत्येक पावलाला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्याच्या वाटीवर येतं. सरळ उतरू नका, रुंद पायरीवर नागमोडी उतरा. चपला नकोत, मागून बंद असलेले बूट घाला. आणि पावसाळ्यात दगड निसरडा असतो, तेव्हा त्यांना नेऊच नका.

अण्णा : मुळात काकूंना वर न्यायचंच कशाला? सारसबागेत बसव. सगळं सपाट, गणपतीचं दर्शन होतं, धाकट्या नातवाला पळायला हिरवळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी खोदवलेलं तळं होतं तिथे, म्हणून तर तळ्यातला गणपती.

मिलिंद : सगळे मिळून जायचं म्हणून निघालो, आणि आई खाली, आम्ही वर?

अण्णा : तासाभराचाच प्रश्न आहे. नाहीच पटत तर पर्वती सोड. पण सत्तरीच्या बाईला आणि सात वर्षांच्या पोराला एका चालीने हाकलंस, तर दोघंही वैतागतात.

अण्णांचं बरोबर, फक्त भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवावी. ‘खाली आलो की फोन करतो’ म्हटलं की फोन नेमका पिशवीच्या तळाशी असतो.

मंडई शेवटी, यावर दुमत नव्हतं. भाजी आधी घेतली तर पाच किलोचं ओझं सकाळभर हातात, आणि पालेभाजी उन्हाने माना टाकते. मंडईची अष्टकोनी दगडी इमारत पोरांना आतून फिरवून दाखवावी. कापडी पिशव्या दोन : कांदे-बटाटे एकीत, पाला आणि टोमॅटो दुसरीत. परतताना मंडईतूनच मेट्रो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून तिथे पार्किंग शोधत घिरट्या घालायचं कारण उरलेलं नाही.

शिऱ्या : जाता जाता तुळशीबागेत डोकावू की.

सुजाता : डोकावू म्हणणारे दोन तासांनी बाहेर येतात. साडेअकराला मेट्रोत बसला नाहीत, तर जेवण दोनला आणि दुपारची झोप गेली.