ग्रुपवर लिंक टाकली म्हणजे शिकवलं का?

"एनपीटेलचा एक कोर्स करून घ्या, क्रेडिट मिळतील." वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयआयटी-आयआयएससीच्या या ऑनलाइन कोर्सांची लिंक आणि एवढं टाकलं की नागपुरातल्या कितीतरी कॉलेजांचं डिजिटल शिक्षण आटोपलं! सेमिस्टरच्या शेवटी पोट्टे सर्टिफिकेटशिवाय आले की ओरडायचं, "तुम्ही सिरियसच नाही." अरे, पण त्यांना नीट सांगितलं कोणी?

कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची १००० रुपये फी वेगळी, शेवटची तारीखही वेगळी. नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचंही झालं, असंच नवख्याला वाटणार. बारा आठवडे व्हिडिओ पाहतात आणि फॉर्म राहून जातो.

मग मार्कांचं गणित. १२ आठवड्यांच्या कोर्सात साधारण १२ असाइनमेंट, त्यातल्या सर्वोत्तम ८ धरतात. त्यांचे २५ मार्क, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. आता एखाद्यानं तीनच असाइनमेंट दिल्या, तिन्हींत शंभरपैकी शंभर पडले, तरी भागायचं आठानंच. सरासरी ३७.५ टक्के, म्हणजे २५ पैकी ९.३७. परीक्षेत ७५ पैकी ७५ आणले तरी हाती काही नाही! पहिल्या आठवड्यात हे फळ्यावर मांडायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं कोणाकडे नाहीत.

लोकल चॅप्टर असलेल्या, म्हणजे एनपीटेलशी अधिकृतपणे जोडलेल्या कॉलेजात मेंटॉर (मुलांवर लक्ष ठेवणारा शिक्षक) असतो, त्याला आपल्या विद्यार्थ्यांचे असाइनमेंटचे मार्क दिसतात. मग चौथ्या आठवड्यात कोण मागे पडलं ते विचारत काहून नाही? उमरेड-काटोलहून एसटीनं येणाऱ्या, बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला इंग्रजी लेक्चर जड जातं. बऱ्याच कोर्सांचे मराठी अनुवाद तिथेच पडून आहेत, तेही कोणी उघडून दाखवत नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते नावावरून. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. एबीसी आयडी, म्हणजे पदवीचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होतात त्या खात्याचा नंबर, डिजिलॉकरमधून काढला की त्यावर आधारचं नाव येतं, विद्यापीठाच्या नोंदीत मार्कशीटचं. दोन्ही जुळलं नाही की क्रेडिट अडकतात आणि पोरगं या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत बसतं. ॲडमिशनच्या दिवशी आधार आणि मार्कशीट, दोन्हींच्या झेरॉक्स तुम्हीच घेता ना? शेजारी ठेवून एकदा वाचा तरी!