लॉटरी नव्हे

उपग्रहांमार्फत इंटरनेट देणाऱ्या वनवेब या ब्रिटिश कंपनीचे उपग्रह सोडण्याचे काम भारताला मिळाले ही '(युक्रेन) युद्धामुळे लागलेली लॉटरी', असे एका लेखात म्हटले आहे. अर्धेच खरे.

मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या बैकानूरच्या रशियन तळावर सोयूझ हे रशियन रॉकेट वनवेबचे ३६ उपग्रह घेऊन उड्डाणाला तयार होते. रोसकॉसमॉस या रशियन अवकाश संस्थेने अट घातली: उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्या, शिवाय ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा विकावा. रॉकेटवरचे अमेरिका, ब्रिटन, जपानचे झेंडेही झाकले (हा पोरकटपणा टीव्हीवर पाहिला होता). वनवेबने बैकानूरची उड्डाणेच थांबवली. ते ३६ उपग्रह मात्र तिथेच अडकले. पैसे आगाऊ मोजलेले, माल परक्याच्या गोदामात आणि मालक भांडणात तिसराच!

मग धावाधाव. एप्रिलमध्ये करार झाला तो इस्रोची व्यापारी कंपनी न्यूस्पेस इंडियाशी, आणि त्याआधी चक्क स्पर्धक स्पेसएक्सशी. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ३६-३६ उपग्रह वर नेले. भारती समूह वनवेबचा मोठा भागधारक होता, हेही विसरू नका.

पण त्या रॉकेटचे क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारे) इंजिन स्वदेशी आहे, ते का? १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि तिला हे तंत्रज्ञान देणाऱ्या रशियाच्या ग्लावकॉसमॉसवर निर्बंध लादले, पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. तयार इंजिने तेवढी मिळाली. तेव्हा आपण बैकानूरवाल्या उपग्रहांच्या जागी होतो. लॉटरीचे तिकीट काढायलाच आपल्याला वीसेक वर्षे लागली, साहेब.