‘ए.डी. दिसलं म्हणजे ड्यूररच’: तिन्ही खुणा फसव्या

जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररच्या ‘आदम आणि ईव्ह’ या छापचित्रावर ए.डी. ही त्याच्या आद्याक्षरांची सही, कडेला दाबाची चौकट आणि जुनाट कागद दिसला की प्रत अस्सल, असा सल्ला जुनी चित्रं विकत घेणाऱ्यांत फिरतो आहे. त्यावर विसंबून पैसे मोजू नका.

सहीचं आधी. ती प्रत्येक प्रतीवर हाताने केलेली नाही. १५०४ साली ड्यूररने आदमजवळच्या फांदीला टांगलेल्या पाटीवर नाव, साल आणि ए.डी. तांब्याच्या पत्र्यातच उलटं कोरलं. चित्र छापलं की सही उमटतेच, आणि नक्कल करणारा रेषांबरोबर तीही उतरवतो. इटालियन कोरीवकार मार्कान्तोनियो राइमोंदीने ड्यूररच्या लाकडी ठशांमधली येशूच्या आईच्या, मेरीच्या, जीवनाची १७ चित्रं सहीसकट तांब्यावर कोरली होती. आपली मूळ मालिका १५११ साली पुस्तकरूपात काढताना ड्यूररने नक्कलकारांना उघड धमकी छापली. फ्लेमिश कोरीवकार योहानेस विरिक्सने तर वयाच्या १६व्या वर्षी याच आदम-ईव्हची नक्कल कोरली, आणि ती विलक्षण हुबेहूब आहे.

दुसरी खूण चौकटीची. कोरलेल्या खाचांत शाई भरून पत्रा वरून पुसतात, मग ओलसर कागद ठेवून प्रेसच्या रुळांखालून काढतात. कागद खाचांत शिरतो, म्हणून रेषा किंचित उठून येतात आणि पत्र्याची कड दबते. पण १९व्या शतकात पॅरिसच्या आमां-ड्युराँने फोटोवरून पत्रे बनवून काढलेल्या प्रतींतही हे सगळं आहे. उलट खऱ्या जुन्या प्रती पुष्कळदा कडेपर्यंत कापलेल्या असतात. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर मात्र विषय संपला: ते ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाई.

तिसरी खूण कागदाची. तो उजेडासमोर धरा. कागद ज्या जाळीदार साच्यावर बनतो त्याच्या तारांच्या रेघा मुळीच नसतील, तर तो ड्यूररच्या काळचा नाही. रेघा असल्या तरी काही सिद्ध होत नाही, कारण जुने कोरे कागद नंतरही वापरले जातात. सुरुवातीच्या चांगल्या प्रतींत बैलाच्या डोक्याचं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली, उजेडात दिसणारी खूण, सापडतं. त्याला वजन आहे.

मूळ पत्र्याचीही झीज होते. आधी अंगावरच्या छायेच्या बारीक रेषा जातात, शरीरं सपाट दिसू लागतात. आदमच्या डाव्या काखेजवळ झाडाच्या सालीत चीर दिसली, तर प्रत पत्र्याच्या नंतरच्या अवस्थेतली, म्हणजे उशिरा छापलेली.

पत्रा साधारण २५ × १९ सेंटिमीटर. कागद वाळताना आकसतो, त्यामुळे एखाद-दोन मिलिमीटरच्या फरकाने घाबरू नका. संग्रहालयाच्या मोठ्या स्कॅनशेजारी प्रत ठेवा आणि एकच छोटा भाग निवडा: मांजराची पाठ, किंवा दूरच्या कड्यावरची शेळी. तिथल्या आखूड रेषा एकेक करून मोजा. नक्कल पकडली जाते ती तिथे.