एक लॉगिन, अख्ख्या कार्यालयाचे वाचनालय

आमच्या कार्यालयात तिन्ही पाळ्यांतली माणसे एका संगणकावर एकाच लॉगिनने बसतात आणि त्या लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला आहे, एवढे सांगितले तरी पुढचे सगळे कळावे. विंडोजच्या स्टिकी नोट्सना, म्हणजे पडद्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांना, स्वतंत्र पासवर्ड लावण्याची सोयच नाही. पिवळ्या चौकोनात लिहिलेला मजकूर त्या खात्यातल्या एका साध्या डेटाबेस फाइलमध्ये पडून राहतो आणि खात्यात शिरणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. विंडोज ११ मधल्या नोटपॅडची तऱ्हा आणखी निराळी. जतन न करता ते बंद केले, तरी पुढच्या वेळी तोच मजकूर आपणहून समोर हजर होतो (हे सेटिंगमध्ये बदलता येते, पण सांगतो कोण?), आणि मग पगारवाढीच्या अर्जाचा माझा कच्चा मसुदा दुपारच्या पाळीतल्या सहकाऱ्याने वाचून वर "साहेबांना इतके नरमाईने कशाला लिहिता?" असा सल्लाही द्यावा! वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीत निदान वहीच्या एखाद्या विभागाला पासवर्ड लावता येतो, मात्र तो विसरला की मजकुरावर पाणीच सोडायचे. प्रत्येकाला वेगळे खाते द्या, अशी मागणी आयटी विभागाकडे केली, की "तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" हे ठरलेले उत्तर मिळते, आणि ते देणारे गृहस्थ स्वतः चहाला उठताना विंडोज आणि एल ही संगणकाला कुलूप लावणारी दोन बटणे न चुकता दाबून जातात.