नवा पीसी सुरू होत नाही? दोष हवेला देऊ नका

रत्नागिरीतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: कोकणच्या दमट हवेमुळे नवा जोडलेला पीसी सुरू होत नाही, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) रात्रभर तांदळात पुरून ठेवा. कृपया ठेवू नका. तांदळाची पूड रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) खाचेत गेली की नसतं दुखणं मागे लागतं.

खाऱ्या हवेने गंज चढतो हे खरं, पण काल खोक्यातून काढलेला बोर्ड आज त्याने मरत नाही. पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी? आधी प्रोसेसरजवळची, त्याला वीज देणारी ८ पिनांची वायर बघा. २४ पिनांची जाडजूड वायर सगळे लावतात, ही कोपऱ्यातली राहते. (माझीही राहिली होती. दोन तास उगाच लाइटला शिव्या घातल्या.) मग प्लग काढून रॅम ‘टक्’ होईपर्यंत दाबा. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच हवी, मदरबोर्डला नाही. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असली तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. तेवढ्यात घाईने बंद करू नका.

हां, गार एसीतून आणलेल्या भागावर बाहेर दव धरतं. तो तासभर तसाच ठेवून मग जोडा. तांदूळ पेजेला.